जेवणासोबतचा खेळ

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात पाहणी गटाच्या वतीने केलेले भाषण)



यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आलेला प्रस्ताव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर आहेच. कार्यक्रम आखून देणाऱ्या एका कंपनीनं सुचवलं आहे, की नेहमीचा हॉल सोडा, शहराबाहेरच्या पार्टी प्लॉटवर आपण 'मराठमोळं गाव' उभं करू. दारात कमान, बैलगाडी, तुळशीवृंदावन, येणाऱ्या प्रत्येकाला फेटा बांधणारा माणूस. ताटात पिठलं-भाकरी आणि ठेचा. आणि जेवण चालू असताना समोर स्टेजवर लावणी, कोळीनृत्य, लेझीम. माणशी एकच दर, त्यात सगळं आलं. तरुण मंडळींना कल्पना आवडली, ज्येष्ठांच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि नेहमीप्रमाणे सभा बारापर्यंत लांबली. शेवटी आम्हा पाच कुटुंबांना सांगण्यात आलं, की असे प्रकार जिथे वर्षानुवर्षं चालतात तिथे पोराबाळांना आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जा, आणि काय दिसलं ते येऊन सांगा.

आम्ही जाऊन आलो. अहमदाबादचं विशाला पाहिलं, दिवाळीच्या सुट्टीत जयपूरची चोखी ढाणी पाहिली, आणि जवळपासच्या आणखी एका ठिकाणी गेलो, त्याचं नाव घेत नाही. आमच्यातल्या एका घरची मुलगी अमेरिकेत असते. तिनं आईवडिलांना तिकडच्या असल्याच एका जेवणाच्या खेळाला नेलं होतं, त्याचीही हकीकत सांगू.

विशाला हे यातलं सगळ्यात जुनं. १९७८ साली सुरेंद्र पटेल यांनी वासणा भागात ते उभं केलं. मातीनं सारवलेल्या भिंती, कंदिलांचा उजेड, बसायला जमीन आणि समोर बुटकं लाकडी मेज. बाजरीचा रोटला, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, गूळ, खिचडी-कढी, ताक. जेवणाआधी बाहुल्यांचा खेळ, गाणं-बजावणं. ते सुरू झालं तेव्हा अहमदाबादच्या कितीतरी घरांत अजून असंच जेवत असतील. आपल्या आजूबाजूला जे रोज दिसतं तेच एक दिवस पैसे मोजून बघावं लागेल, हे इतक्या आधी एका माणसाला दिसलं, याचं आम्हाला नवल वाटलं.

चोखी ढाणी १९८९ ची, आणि ती अगदी जत्राच आहे. आत शिरताना कपाळी टिळा. मग पटांगणभर चौथरे, आणि प्रत्येकावर आपापला खेळ चाललेला. इथे घूमर, तिथे कालबेलिया, पलीकडे तोंडातून जाळ काढणारा, कुठे डोक्याला चंपी करून देणारा. मन मानेल तसं फिरायचं, थांबायचं, पुढे जायचं. जेवायला मोठ्या दालनात पत्रावळीवर बसवतात. दाल-बाटी-चुरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीची भाकरी. वाढणारा साफा बांधलेला माणूस 'नको' म्हटलेलं ऐकूच घेत नाही. या आग्रहाला ते मनुहार म्हणतात. आमच्यातले एक काका, जे घरी दुसरी पोळी घेताना डॉक्टरांचं नाव काढतात, त्यांनी तिथे चुरम्यावर तिसऱ्यांदा तूप घेतलं.

सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं बोलून घेतो. दिवस मावळायच्या अर्ध्या तासानं आत शिरा, उजेडात जागा कळते आणि अंधारात तिची शोभा कळते. हिवाळाच बरा, कारण सगळं उघड्यावर असतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी आधीच फोन करून टेबल-खुर्ची मागून घ्या, तिथे गेल्यावर मागितलं तर सगळी पंगत एकीकडे आणि आजी एकट्या दुसरीकडे अशी वेळ येते. लहान मुलांना जाळ काढणाऱ्याच्या अगदी पुढे बसवू नका. आणि मुलांना घरून थोडं खाऊ घालूनच न्या. जेवणाची पाळी येईपर्यंत ती भुकेली राहिली, तर ना खेळ बघतात, ना बघू देतात.

आता मुद्द्याचं.

चोखी ढाणीत आमची मुलं सगळ्यात जास्त वेळ कठपुतळीपुढे बसली. बाहुलीचं डोकं लाकडाचं, पाय नसतातच, घागऱ्याच्या घेरात ती उणीव झाकलेली असते. खाटेचा रंगमंच, मागे सूत्रधार, तोंडात बांबूची नि चामड्याची शिट्टी. बाहुलीचं बोलणं म्हणजे ती शिट्टी, आणि ढोलकवर बसलेली बाई त्याचा अर्थ सांगणार. हे कलावंत नागौरकडचे भाट. त्यांचा मूळचा मोठा खेळ नागौरच्या अमरसिंह राठोडचा. १६४४ मध्ये शाहजहानच्या दरबारात त्यानं सलाबतखानाला ठार मारलं, त्याचं नाट्य. दरबार भरतो, सरदार एकेक करून येतात, अपमान होतो, तलवार निघते. हल्लीच्या जेवणाच्या खेळांत त्यातला दरबार तेवढा कसाबसा उरला आहे. दरबाराची करमणूक करायला येणारे गारुडी, घोडेस्वार, स्वतःचं डोकं हातात घेणारा जादूगार आणि नाचणारी बाई हेच खेळ होऊन बसले आहेत. अमरसिंह येतच नाही. दहा मिनिटांत गोष्ट कशी सांगणार? आणि समोरचा बघणारा उठून कुल्फी आणायला जातोच.

जवळपासच्या त्या तिसऱ्या ठिकाणी तर बाहुलीवाल्याचा खाटला जेवणाच्या मेजांमध्येच मांडला होता. ताटं फिरत होती, मोबाईल वाजत होते, एक वाढपी रस्सा घेऊन थेट त्याच्या पडद्यापुढून गेला. खेळ संपला तेव्हा आमच्या दोन मुलांशिवाय टाळी वाजवायला कुणाचे हात मोकळे नव्हते, बाकीच्यांचे खरकटे होते. नंतर आम्ही त्याच्याशी बोललो. माणशी दरातून त्याला किती मिळतं, या प्रश्नावर तो हसला. संध्याकाळची ठरलेली रक्कम थोडी, बाकी पुढ्यात पडलेल्या नोटा. नोट टाकायला हात खिशात जावा लागतो, आणि जेवत्या माणसाचा हात खिशात जात नाही, असं तो म्हणाला. मुलगा पुढे हेच करणार का, असं विचारलं तर म्हणाला, तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे.

याच लोकांची दिल्लीत शादीपूर डेपोजवळ मोठी वस्ती होती, कठपुतली कॉलनी नावाची. पुनर्विकासासाठी ती २०१७ मध्ये पाडली. परदेशच्या महोत्सवांत देशाचं नाव नेणारी माणसं त्या झोपड्यांत राहत होती.

कालबेलियांचं नृत्य पाहताना एका मुलीनं विचारलं, "पण साप कुठंय?" प्रश्न बरोबर होता. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी, पुंगीवाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो धंदा बंद झाला. साप गेला आणि त्याचं वळण बायकांच्या अंगात उरलं. काळा घागरा, त्यावर रंगीत नक्षी, आणि भोवऱ्यासारखी गिरकी. २०१० मध्ये युनेस्कोनं या कलेला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं, २०१६ मध्ये गुलाबो सपेरा यांना पद्मश्री मिळाली. एवढं आम्ही मुलांना तिथेच, चौथऱ्याच्या कडेला उभं राहून सांगितलं, तर ती पुढचा पाऊण तास हलली नाहीत. नाहीतर 'अजून एक डान्स' म्हणून पुढे गेली असती. घरच्यांनी सोबत जायचं ते यासाठी. दर भरला की आपलं काम संपलं, असं त्यात नाही.

अमेरिकेतला खेळ म्हणजे मेडिव्हल टाइम्स. मूळ स्पेनमधला, अमेरिकेत १९८३ पासून फ्लोरिडात, आणि आता बऱ्याच शहरांत. किल्ल्याच्या आकाराची इमारत, आत रिंगण, घोड्यांवर चिलखत घातलेले सरदार. प्रेक्षकांना रंग वाटून देतात, आपल्या रंगाच्या सरदारासाठी ओरडायचं. काटे-चमचे नाहीत, सगळं हातानं खायचं. आमचे काका म्हणाले, "एवढे डॉलर भरून हातानं खायला शिकवतात, आम्ही फुकट शिकवलं असतं." शाकाहारी ताट मिळालं, पण आमचं लक्ष वेधलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मुलीनं सांगितलं, की न्यू जर्सीतल्या लिंडहर्स्टच्या किल्ल्यातल्या कलाकारांनी २०२२ मध्ये मतदान करून कामगार संघटना केली. पगार आणि सुरक्षितता, हे दोन मुद्दे. घोड्यावरून रोज पडण्याचं नाटक करणाऱ्या माणसाचं हाड खरंच मोडतं, ते प्रेक्षकाला दिसत नाही. म्हणजे सातासमुद्रापलीकडेही दर माणशी ठरतो तो खाणाऱ्याचा, आणि नाचणाऱ्याला आपला दर भांडून मिळवावा लागतो.

मंडळी, हे ऐकून कुणी म्हणेल, मग आपणही पैसे नीट देऊ की. कंपनीला बजावून सांगू. प्रश्न तेवढाच नाही. आपण बडोदेकर आहोत. या गावात कलावंतांसाठी स्वतंत्र सरकारी खातं होतं, कलावंत कारखाना नावाचं. गाणारे, वाजवणारे, नाचणारे तिथे पगारावर होते, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात त्या खात्याला रीतसर नियम होते. १८८० मध्ये महाराजांचं लग्न तंजावरच्या मोहित्यांच्या कन्येशी झालं, तेव्हा तिच्यासोबत तिकडच्या नर्तकी आणि वादक इथे आले. त्याच घरातले कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथल्या विद्यापीठात भरतनाट्यम शिकवत होते, आपल्यातल्या काही भगिनी त्यांच्या हाताखाली शिकल्या असतील. १८८६ मध्ये मौलाबक्षांनी संगीतशाळा काढली, तिचंच आजचं रूप म्हणजे आपलं परफॉर्मिंग आर्ट्सचं कॉलेज. फैयाज खाँसाहेब इथल्या दरबारचे. दरबारी कलावंताची नोकरी काही स्वर्ग नव्हती, हुकमाची ताबेदारी होतीच. पण गाणं ऐकायला बसलेला माणूस ऐकायलाच बसत असे. त्या गावच्या मराठी मंडळानं ठेच्याचा वास आणि लावणी एकाच वेळी मांडावी? लावणी ही ठसका लागलेल्या माणसानं पाणी पिता पिता बघायची गोष्ट नव्हे. तिच्या अदाकारीत एका ओळीवर किती वेळ थांबायचं हे बाईच्या हातात असतं, आणि ते समोरच्याच्या नजरेशी बांधलेलं असतं. ती नजर ताटात असली तर ती कुणासाठी थांबणार?

दुसरी गोष्ट त्या गावाची. विशालात कंदील, सारवण, रोटला बघून आमच्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलानं आजीला विचारलं, "हे आपलं गाव आहे?" आजी म्हणाल्या, "नाही रे, आपलं गाव दांडिया बाजार." सगळे हसले. पण त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं. आपल्यातली कितीतरी घरं गायकवाडांबरोबर, म्हणजे अठराव्या शतकात इकडे आली, कुणी पागेत, कुणी फडावर. नंतरची नोकरीनिमित्त आली. आपल्या वरणात गूळ जरा जास्त पडतो, सकाळी शेव-उसळ लागते, मुलांना रागावताना मराठी आणि हिशेब करताना गुजराती येतं. कोळीनृत्य आपल्यापैकी कुणाच्या घरात होतं? बैलगाडीत कोण बसलं? आपल्याच मुलांना आपण फेटे बांधून, दुसऱ्या कुणाचं गाव 'तुझं गाव' म्हणून दाखवणार. राजस्थानी माणसाला चोखी ढाणीत काय वाटत असेल, त्याची कल्पना आम्हाला तेव्हा आली.

आमच्या सहलीतला सगळ्यात चांगला तास कुठे गेला, ते सांगतो. विशालाच्या आवारात वेचार नावाचं भांड्यांचं संग्रहालय आहे, १९८१ पासूनचं. चार हजारांवर भांडी. हंडे, कळशा, लोटे, डबे, आणि अडकित्ते तर इतक्या तऱ्हांचे, की सुपारी फोडण्यात माणसाची एवढी बुद्धी खर्च झाली यावर विश्वास बसत नाही. आत शिरेपर्यंत आजी मंडळी थकल्या होत्या. पाच मिनिटांत त्यांनी ताबा घेतला. हे घंगाळ, ही चरवी, ही कासंडी, हे ओगराळं. तिथल्या माणसानं गुजराती नाव सांगितलं, की या मराठी सांगायच्या, आणि मग दोघींचंच जुंपायचं, की याला तपेलं म्हणायचं की सतेलं. एकींना आपल्या सासरचा बंब आठवला, रोज सकाळी कोण तो पेटवायचं, आणि शेवटी तो मोडीत किती रुपयांना गेला, तेही आठवलं. मुलं मोबाईल काढून फोटो घेत होती, पण भांड्यांचे नव्हे, आज्यांचे. तो खेळ कुणी आखलेला नव्हता.

आणि मग परतीच्या वाटेवर गाडीत पंगतीचा विषय निघाला. जेवणासोबत करमणूक ही आपल्याला नवी नाही. पाट मांडलेले, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती लावलेली. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये मुदीचा भात, वरण, तूप. आणि जेवता जेवता श्लोक म्हणायचे. एकेकानं, क्रमानं. व्याह्यांनी एक म्हटला की इकडून कुणीतरी वरचढ म्हणायचा. मुंजीतला बटू अडखळला की सगळी पंगत त्याला पुढचा शब्द पुरवायची. गाणारा आणि जेवणारा एकच होता, म्हणून त्याचा अपमान होत नव्हता. त्या पंगतीचंही सगळं गोड होतं असं आम्ही म्हणणार नाही. कुणाला कुठे बसवायचं आणि कुणाला बसवायचंच नाही, हे जातीवरून ठरे. बायका चुलीपाशी, आणि त्यांची पानं तिसऱ्या प्रहरी, उरल्यासुरल्यावर. ते पुन्हा उभं करायची कुणाचीच इच्छा नाही.

तेव्हा पाचही कुटुंबांचं एकमतानं म्हणणं असं. पार्टी प्लॉट नको, कंपनी नको. आपला नेहमीचा हॉलच घ्यावा, आणि खेळ व जेवण यांत एक दार असावं.

खेळ आधी, जेवण नंतर. खेळासाठी सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांना बोलवावं. कुडाळजवळचं हे गाव. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ, आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगणारी चित्रकथी, हे तिथे अजून होतं. सावंतवाडीच्या राजांनी ती कला पोसली. तिथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय थाटलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तेही आपलं गाव नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण त्यांना आपण पाहुणे म्हणून बोलवतोय, आपला पूर्वज म्हणून नाचवत नाही. रामायणातलं एक आख्यान पुरं सांगू द्यावं, मध्ये सूचना नाहीत, सत्कार नाहीत. अध्यक्षांनी क्षमा करावी, भाषणसुद्धा नाही. बिदागी येण्याआधी ठरवावी, येण्याजाण्याचा खर्च वेगळा द्यावा, आणि उरलेली रक्कम त्याच रात्री हातात. खजिनदारांनी चेक पुढच्या आठवड्यात पाठवतो, असं म्हणू नये.

मग दार उघडावं आणि पंगत. पहिल्या पंगतीला कलावंत आणि आपल्या घरच्या बायका. वाढायला पुरुष. (टाळ्या नंतर वाजवा, वाढपी म्हणून नावं आत्ताच द्या.) जेवणात पिठलं-भाकरी असावी अशी तरुणांची इच्छा असेल तर जरूर असावी, पण सोबत आपल्या घरचा मठ्ठा, श्रीखंड-पुरी आणि बडोद्याची शेव-उसळही असू द्या. श्लोक मुलांकडून घ्यावेत, गुजराती येत असेल तर तेही चालेल. गेल्या पिढीतल्या ज्यांना पाठ आहेत त्यांनी दर रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत यावं, मुलांना शिकवायला.

खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिला आहे. कंपनीच्या दरापेक्षा तो कमी बसतो, कारण बैलगाडीचं भाडं वाचलं. एक अडचण मात्र आहे. हॉलमध्ये टेबलं भरपूर आहेत, पाट चौदाच. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी टेबलं लावूच, आणि ती पंगतीच्या रांगेतच लावू, कोपऱ्यात नाही. पण खाली बसणाऱ्यांसाठी पाट कमी पडतात. आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर पाट पडून असतील त्यांनी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव आणि संख्या लिहावी. पाटाखाली आपलं नाव खडूनं लिहून आणा, म्हणजे परत नेताना भांडणं होणार नाहीत.